विजापूरच्या जुन्या फोटोंमधली 'ती' तोफ मूळची परंड्याची!

तटावर ठेवलेली भलीमोठी तोफ, तिचं तोंड जबडा उघडलेल्या सिंहासारखं आणि त्या जबड्यात सापडलेला इवलासा हत्ती. एकोणिसाव्या शतकातल्या विजापूरच्या छायाचित्रांमध्ये ही तोफ हमखास दिसते. नाव मुलुख-ए-मैदान. फोटोखाली 'विजापूर' लिहिलेलं असतं आणि ते चूकही नाही. पण त्याआधी ही तोफ धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा किल्ल्यावर होती.

1549 मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमी याने ती ओतली. वजन सुमारे 55 टन! 1632 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ती परंड्याहून विजापूरला नेली. ओढायला 400 बैल आणि 10 हत्ती लागले, असं सांगतात.

खरी गंमत पुढे आहे. 1854 मध्ये इंग्रज सरकारने विजापुरातलं निरुपयोगी सामान विकायला काढलं. त्यात ही तोफही होती. सर्वात मोठी बोली किती लागली? फक्त 150 रुपये. लोकांना तोफेविषयी आदर आहे आणि किंमतही क्षुल्लक येतेय, हे पाहून विक्री रद्द झाली. नाहीतर ती वितळून गेली असती आणि फोटो काढायला काही उरलंच नसतं.

कारण लगेच पुढच्या वर्षी, 1855 मध्ये, मुंबई सरकारने तोफखान्यातले अधिकारी थॉमस बिग्ज यांना कॅमेरा घेऊन विजापूर, बदामी, ऐहोळे या भागात पाठवलं. तेव्हा निगेटिव्ह कागदाची असायची. एका फोटोसाठी कॅमेरा बराच वेळ हलू द्यायचा नाही, त्यामुळे न हलणाऱ्या इमारती छान यायच्या आणि माणसं मात्र धूसर. चित्रकाराने महिनोन् महिने रेखाटण्यापेक्षा हे स्वस्त आणि अचूक, असा सरकारचा हिशोब होता.

हे फोटो 1866 मध्ये लंडनहून पुस्तकरूपाने आले. त्यातला ऐतिहासिक मजकूर लिहिला मेडोज टेलर यांनी. 1853 नंतर काही वर्षं नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार याच टेलर यांच्याकडे होता. आजचा धाराशिव जिल्हा त्यातूनच पुढे आला. म्हणजे तोफेचं जुनं घर आणि नवं घर, दोन्ही मुलखांची त्यांना ओळख होती.

परंड्याचे जुने फोटो ऑनलाइन शोधत असाल तर 'परेंडा', 'पुरिंदा' अशी इंग्रजांची स्पेलिंगंही टाकून बघा. आणि किल्ल्यावर जाणार असाल तर बुरुजांवर नक्की चढा, तिथे अजूनही मोठमोठ्या तोफा आहेत.