मोनेचं तळं उतरवताना

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना मी वर्षानुवर्षं जलरंग शिकवले. तैलरंग मात्र आता शिकते आहे, तेही क्लोद मोने यांच्या १८९९ सालच्या ‘द वॉटर-लिली पॉन्ड’ या चित्राची नक्कल करून. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. माझ्यासमोर त्याची मोठी छापील प्रत आहे.

हे तळं मोने यांनी स्वतः घडवलं. १८८३ मध्ये ते जिव्हर्नी गावात भाड्याने राहायला आले, १८९० मध्ये तेच घर विकत घेतलं आणि १८९३ मध्ये रेल्वेरुळांपलीकडची जमीन घेतली. तिथे नदीचं पाणी वळवून तळं करायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा गावकऱ्यांनी हरकत घेतली: ही परदेशी झाडं आमचं पाणी नासवतील! अर्ज-विनंत्या करून मोने यांनी परवानगी मिळवली. लातूर-मार्लियाक यांच्या रोपवाटिकेतली रंगीत संकरित कमळं लावली, जपानी धाटणीचा पूल बांधला. १८९९ मध्ये ते चित्रं काढत बसले, तेव्हा रचनेचं निम्मं काम बागेतच होऊन गेलेलं होतं.

नक्कल करायला बसलं की हे हाताला कळतं. पूल कमान टाकून कॅनव्हासच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो. वर झाडोराच झाडोरा. मोकळं आकाश कुठेच नाही. प्रतिबिंबं उभ्या फटकाऱ्यांची, कमळाची पानं आडव्या पट्ट्यांची. पट्टे मागे जाताना अरुंद होत जातात, म्हणून पाणी आडवं पसरलेलं दिसतं. उभ्या फटकाऱ्यांमुळे त्याला खोली येते. मी आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रंगाने प्रतिबिंबं लावते, ती वाळू देते आणि मग जाड रंगाने पानं ठेवते. खालचा थर पातळ, वरचा तेलकट, हा तैलरंगाचा जुना नियम. उलट केलं तर पुढे रंगाला तडे जातात. १९०५ च्या एका पत्रात मोने यांनी आपले रंग सांगितले आहेत: पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन, गडद मॅडर, कोबाल्ट निळा आणि हिरवा. काळा नाहीच. म्हणून पुलाखालचा अंधार मी मॅडर आणि हिरव्याच्या मिश्रणातून काढते. नुसतं बघून हे मला उमगलं नसतं.

असं शिकण्याची परंपरा मोठी आहे. १७९३ मध्ये लूव्र संग्रहालय खुलं झालं, तेव्हा दहा दिवसांच्या आठवड्यातले पाच दिवस चित्रकारांसाठी राखलेले होते. जॉन कॉन्स्टेबल नावारूपाला आल्यावरही, १८२३ मध्ये, सर जॉर्ज बोमंट यांच्या घरी राहून क्लोद लोरेंच्या निसर्गचित्राची नक्कल करत होते. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजींचा हात त्या कामात तयार झाला. लंडनला पाठवलेल्या त्यातल्या बऱ्याच नकला १८८५ मध्ये तिथल्या आगीत जळाल्या, पण शिकलेली नजर शिल्लक राहिली.

मोने स्वतः मात्र १८६७ मध्ये लूव्रमध्ये इझल घेऊन गेले ते परवानगी काढून, आणि आतल्या चित्रांकडे पाठ करून त्यांनी बाहेरचं पॅरिस रंगवलं. त्यांना समोरचा उजेड हवा होता. म्हणून त्यांची नक्कल करणाऱ्यावर एक जबाबदारी येते: पट्टे, फटकारे, थर त्यांच्याकडून घ्यावेत आणि मग आपल्या पाण्यापाशी जाऊन बसावं.

आपल्या कलावर्गांत नक्कल म्हटलं की नाक मुरडलं जातं. माझं मत वेगळं आहे. आकार मूळ चित्राहून वेगळा ठेवावा, कॅनव्हासच्या पाठीमागे मूळ चित्रकाराचं नाव ठळक लिहावं आणि मुलांना निर्धास्त नक्कल करू द्यावी. दुसऱ्याने एकेक निर्णय का घेतला हे ज्याने हाताने शोधलं आहे, तोच पुढे स्वतःचे निर्णय जाणूनबुजून घेतो.