हिऱ्याची परीक्षा : पोथींतील व पेठेंतील

तेलगांव हें बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यांतील गांव. बीडहून परळीस व माजलगांवाहून धारुरास जाणारे रस्ते येथें एकमेकांस छेदतात. या मुलखांत हिऱ्याची खाण नाहीं. सगळी भूमि काळ्या दगडाची. तथापि हिऱ्याच्या परीक्षेचा विचार करण्यास हें ठिकाण सोईचें आहे. येथून दक्षिणेस कल्याणी. तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लास’ रचून त्यांत राजकोशाच्या प्रकरणीं रत्नपरीक्षा सांगितली. (इ. स. १९२५ त श्रीगोंदेकरांनीं त्याचा पहिला भाग बडोद्याहून प्रसिद्ध केला.) उत्तरेस गोदावरीपलीकडे औरंगाबाद, अंबड, आष्टी, नांदेड अशा मुक्कामांनीं गोवळकोंड्यास जाणारा मार्ग, फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्न्ये यानें तो आपल्या प्रवासवृत्तांत दिला आहे. एकीकडे शास्त्र व दुसरीकडे व्यापार अशा दोन वाटांच्या मध्यें हें गांव वसलें आहे.

रत्नपरीक्षेची पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक ती बहुधा कौतुकाची वस्तु म्हणून बाजूस ठेवतो. हिऱ्यास ब्राह्मण-क्षत्रियादि वर्ण, हिऱ्याच्या देवता, पुत्रार्थी स्त्रीनें हिरा न घालावा, असला मजकूर पाहून व्यवहारज्ञान यांत कसचें, असें वाटतें. प्रस्तुत लेखकाचेंहि मत पूर्वीं असेंच होतें. तें सोडावें लागलें तें दोन गोष्टींमुळें : हिऱ्याची आकृति व किंमतीचें कोष्टक.

बुद्धभट्ट उत्तम वज्रास सहा कोटि, आठ पार्श्वें व बारा धारा सांगतो. हें वर्णन पैलू पाडलेल्या हिऱ्याचें नव्हे. खाणींतून निघालेल्या अष्टफलकाकार स्फटिकाचें तें अचूक मोजमाप आहे. अगस्तिमत तर घासलेल्या हिऱ्याचा गुण नष्ट होतो, असें बजावतें. म्हणजे शास्त्रांतील हिरा हा न घासलेला हिरा होय. कोटि भंगली, धार बोथटली, तर दोष कां, हें यावरून उलगडतें. काकपद, मक्षिका, केश हे दोष मात्र पैलू पाडल्यानंतरहि पाहावेच लागतात. आंतील चीर व डाग यांचींच तीं नांवें.

आतां किंमत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तंदुल धरून वीस तंदुलांच्या हिऱ्यास दोन लक्ष मोल दिलें आहे. पुढें दोन दोन तंदुल उतरत गेलें कीं मोल अनुक्रमें पाऊण, दोन तृतीयांश, निम्में असें घटतें. दहा तंदुलांस एक पंचमांश, म्हणजे ४०,००० व दोन तंदुलांस एक सहस्रांश, म्हणजे अवघे २०० उरतात. ताव्हर्न्येचा नियम वजनाच्या वर्गाचा : निर्दोष हिऱ्याच्या एका कॅरटास १५० लिव्र धरल्यास बारा कॅरटांच्या हिऱ्यास १४४ गुणिले १५०, म्हणजे २१,६०० लिव्र. सदोष पंधरा कॅरटांचा मात्र, कॅरटास ८० धरून, १८,००० चाच. वर्गाच्या नियमानें निम्म्या वजनास चतुर्थांश मोल येतें. वराहमिहिर पंचमांश देतो. सुमारें अकराशें वर्षांच्या अंतरानें हें साम्य थोडें नव्हे! लहान हिऱ्यांत मात्र फार फरक पडतो. दशांश वजनास वर्गानें शतांश यावयाचा, तेथें पोथी सहस्रांशच देते. हे आंकडे कोण्या पंडितानें घरीं बसून कल्पिले असतील, असें आम्हांस वाटत नाहीं. पेठेचा भाव त्यांत उतरला आहे.

उलट, चांगला हिरा पाण्यावर तरतो, हेंहि तेथेंच लिहिलें आहे. हिरा पाण्याहून साडेतीन पट जड. वाटीभर पाण्यांत टाकून पाहिला असता तर हें विधान पुढें टिकलें नसतें. शूर्पारकाचे हिरे काळसर, असें म्हटलें आहे, त्याचीहि गत अशीच. सोपारें हें बंदर, खाण नव्हे; पेठेचें नांव मालास चिकटलें असावें.

पेठेंतील रीत ताव्हर्न्येनें विजापूरच्या राज्यांतील राओलकोंडा येथें पाहिली. (हें कर्नूलजवळचें रामल्लकोट असें समजतात.) दहा ते सोळा वर्षांचीं व्यापाऱ्यांचीं मुलें सकाळीं झाडाखालीं बसत, कमरेस वजनांची पिशवी व होनांची थैली. कोणी हिरा आणला कीं तो वडील मुलाच्या हातीं जाई, त्याच्याकडून दुसऱ्याच्या, असा एक शब्द न बोलतां सर्वांच्या हातांतून फिरून परत येई. मगच भाव विचारावयाचा. संध्याकाळीं पाणी, वजन व स्वच्छता पाहून माल निवडीत. नफा सारखा वांटला जाई, वडिलास शेंकडा पाव अधिक. मोठ्या व्यापाऱ्यांचा सौदा कापडाखालीं हात धरून चाले : सबंध हात म्हणजे हजार, एक बोट शंभर, मधल्या पेऱ्यापर्यंत पन्नास, टोंक दहा.

हिऱ्याचें पाणी युरोपांत दिवसा पाहत, इकडे रात्रीं. भिंतींत फूटभर चौकोनी कोनाडा करून त्यांत मोठ्या वातीचा दिवा ठेवीत व हिरा बोटांत धरून पाहत. निळसर झांक सर्वांत वाईट. ती गर्द पानांच्या झाडाखालीं, हिरव्या सावलींत, हटकून उमगते, असें तो सांगतो. ही परीक्षा प्रस्तुत लेखकास कोणत्याहि पोथींत आढळली नाहीं.

त्र्यंबकेश्वराचा ‘नासक’ हिरा इ. स. १८१८ त इंग्रजांच्या हातीं गेला, तेव्हां सुमारें ९० कॅरटांचा होता. देशी कारागिरानें वजन राखूनच तो घडविला होता. लंडनांत तेज वाढविण्यासाठीं पुन्हा घासून तो सुमारें ८० वर आला व १९४० त न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्यानें ४३.३८ कॅरटांवर आणला. वराहमिहिराच्या कोष्टकांत हा हिरा बसवूं पाहणाऱ्यानें प्रथम यांपैकीं कोणतें वजन धरावें, हें ठरवावें लागेल.