बाल्ट्रिंगेनचे शार्कदंत

जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, उल्म शहराच्या दक्षिणेस बाल्ट्रिंगेन हे छोटे खेडे आहे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी गावालगतच्या जुन्या दगडखाणींत लुप्त शार्क माशांचे दात विपुल सापडले आहेत. सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी, मायोसीन काळात, आल्प्सच्या उत्तरेस उथळ समुद्र पसरलेला होता. त्याच्या तळाशी साचलेल्या वाळूचा व शिंपल्यांचा पुढे वालुकाश्म बनला.

शार्कचा सांगाडा कूर्चेचा असल्याने मृत्यूनंतर तो लवकर कुजतो. दातांचे आवरण मात्र अतिशय कठीण असते. शिवाय जुने दात गळून त्यांच्या जागी आयुष्यभर नवे येत राहतात. त्यामुळे एकाच माशाचे हजारो दात सागरतळी जमा होतात. लुप्त शार्कांच्या जाती बहुधा या दातांवरूनच ओळखल्या जातात. मध्ययुगीन युरोपात हे दात सर्पांच्या दगड झालेल्या जिभा मानले जात आणि विषावर उतारा म्हणून जवळ बाळगले जात. डॅनिश शरीरशास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी १६६७ मध्ये शार्कच्या मस्तकाच्या विच्छेदनाचा वृत्तान्त प्रसिद्ध करून या ‘जिभां’चे शार्कच्या दातांशी असलेले साम्य दाखवून दिले.

बाल्ट्रिंगेनला कीर्ती मिळाली ती योझेफ प्रोब्स्ट (१८२३–१९०५) या कॅथलिक धर्मगुरूंमुळे. धर्मकार्य सांभाळून त्यांनी येथील जीवाश्म जमवले, त्यांचे वर्गीकरण केले आणि १८७० च्या दशकात त्यांवर शास्त्रीय निबंध लिहिले. त्यांनी जमवलेले दात बीबेराखच्या संग्रहालयात आहेत.

आजच्या संग्राहकाला कायद्याचे भान ठेवावे लागते. जर्मनीत वारसासंरक्षणाचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये असाधारण शास्त्रीय महत्त्वाची वस्तू सापडताच राज्याच्या मालकीची ठरू शकते. खाणीत वा शेतात शिरण्यापूर्वी जमीनमालकाची अनुमतीही आवश्यक असते.

दातासोबत स्थळ, खडकाचा थर व दिनांक यांची नोंद ठेवणे हा संग्रहाचा पहिला नियम आहे. शार्कची एखादी जात लक्षावधी वर्षे टिकून राहते, त्यामुळे केवळ आकारावरून दाताचा नेमका काळ ठरवता येत नाही. खाणी बुजल्यावर तो थर पुन्हा तपासणेही अशक्य होते. अशा वेळी नोंद नसलेला दात कपाटाची शोभा तेवढी वाढवतो. नोंद असलेला दात मात्र दीडशे वर्षांनंतरही अभ्यासकाच्या उपयोगी पडतो.