एका रंगाचे दोन उंदीर

टोरांटो, १९६०. रविवार. ऑन्टारिओ कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये शुकशुकाट आहे आणि तुम्ही डॉ. अर्नेस्ट मॅकलॉक यांच्या मागे उभे आहात. टेबलावरच्या उंदरांची स्वतःची हाडांतली मज्जा किरणांच्या माऱ्याने निकामी केलेली. मग दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या पेशी शिरेतून टोचलेल्या. आज दहाव्या दिवशी प्लीहेवर गाठी उठल्या आहेत. मॅकलॉक त्या मोजताहेत. जितक्या पेशी जास्त, तितक्या गाठी जास्त. साधारण दहा हजार पेशींमागे एक. हा आलेख ते भौतिकशास्त्रज्ञ जेम्स टिल यांना दाखवतील, आणि १९६३पर्यंत सिद्ध होईल की एकेक गाठ एकेका पेशीतून वाढते.

१९६४ मध्ये या. समोरच्या पिंजऱ्यात पांढराशुभ्र उंदीर, डोळे काळे, पंजे फिकट. जन्मापासून रक्तक्षय. याची मज्जा निरोगी जातभाईला, किरण देऊन, टोचली आहे. तुम्ही त्या जातभाईची प्लीहा उजेडात धरता, उलटसुलट करून बघता. एकही गाठ दिसत नाही.

वर्षभराने शेजारी दुसरा उंदीर. तोच रंग, तेच डोळे, तोच रक्तक्षय. तुम्ही म्हणाल, त्यातलाच. पण याच्या मज्जेने दुसऱ्याची प्लीहा गाठींनी भरते! उलट याच्या अंगात निरोगी मज्जा घाला, ती रुजत नाही. पहिल्याचं बियाणंच खोटं, दुसऱ्याची जमीन नापीक. म्हणून पहिला निरोगी मज्जेने बरा होतो, दुसरा होत नाही. कारण कळायला १९९० उजाडेल: पहिल्याच्या मज्जेतल्या, रक्त घडवणाऱ्या मूळपेशींवरचा ‘किट’ हा ग्राहक (रिसेप्टर) सदोष आहे; दुसऱ्याच्या शरीरात त्या ग्राहकाला चिकटणारं प्रथिनच पुरेसं तयार होत नाही.

आता ओसाका, १९७८. युकिहिको किटामुरा पहिल्या जातीच्या उंदराची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. तुम्ही डोळा लावता. हिस्टामिन सोडणाऱ्या, प्रतिकारशक्तीतल्या मास्ट पेशी जवळपास नाहीतच. निरोगी उंदरात जिथे शंभर, तिथे याच्यात एकही नाही. निरोगी मज्जा दिली की काही आठवड्यांत त्या भरून येऊ लागतात. म्हणजे याही पेशींचं माहेर मज्जेतच.

तांबड्या पेशींची उणीव म्हणून तुम्ही ज्या आजाराकडे बघत होतात, तो इतका पसरलेला आहे. जंत बाहेर काढायलाही मास्ट पेशी हातभार लावतात; म्हणून पोटात जंत झाले की या उंदराला ते बाहेर टाकायला इतरांपेक्षा जास्त दिवस लागतात, आणि त्या दिरंगाईचा माग आतड्यातून थेट हाडाच्या पोकळीपर्यंत जातो.