ग्लायडरमधला थर्मास

ग्लायडरला इंजिन नसते. चढती हवा सापडली की वर जायचे, सुटली की खाली यायचे. पण ही हवा कळायची कशी? शरीराला फक्त हिसका कळतो. एकसारखे चढणे-उतरणे कळतच नाही.

१९१९च्या व्हर्साय तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर बंधने आली. १९२०पासून तिथली पोरे वासरकुप्पे डोंगरावर बिनइंजिनाच्या विमानांच्या स्पर्धा भरवू लागली. १९२८च्या सुमारास अलेक्झांडर लिपिश आणि रॉबर्ट क्रोनफेल्ड यांनी ग्लायडरमध्ये व्हेरिओमीटर आणला. एक बाटली, तिला बारीक नळी. वर गेले की बाहेरचा दाब घटतो, बाटलीतली हवा बाहेर पडते, काटा हलतो. उन्हाने बाटली तापली तर काटा खोटे बोलेल, म्हणून बाटली थर्मासची! हकीम नब्ज पाहतो तशी ही हवेची नब्ज. १९२९मध्ये क्रोनफेल्डने १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. हा माणूस ज्यू. १९३३मध्ये नाझी आले आणि त्याला देश सोडावा लागला. पुढे तो ब्रिटिश नागरिक झाला आणि १९४८मध्ये एका प्रायोगिक ग्लायडरच्या चाचणीत मरण पावला.

त्याने दिलेले यंत्र मात्र राहिले, आणि त्याच्यामागून रेडिओ, बॅटरी, जीपीएस, मोबाइल अशी रांग लागली. २००४मध्ये स्वित्झर्लंडमधून फ्लार्म आले, ग्लायडरांची टक्कर टाळण्यासाठी. खरी पंचाईत इथे आहे. त्याच्या अँटेनाला उघडे आकाश लागते, कार्बनच्या सांगाड्यातून लहरी जात नाहीत, म्हणून पेटी चढते यंत्रफळीच्या माथ्यावर, म्हणजे नेमकी वैमानिकाच्या तोंडासमोर. टक्कर टाळणारे यंत्रच समोरचे विमान झाकणार! शिवाय होकायंत्राजवळ ठेवले तर सुई भरकटते.

युरोपीय नियम समोरच्या दिशेला वजनाच्या १५ पट धक्का धरून चालतो. म्हणजे पाव किलोचा फोन पावणेचार किलोचा होऊन पुढे झेपावतो. रबरी चोषक त्याला काय धरणार? स्क्रूने पक्की केलेली पट्टी हवी, तीही डोके आपटले तर चिरणार नाही अशी. बॅटरी सुटून दांड्याखाली अडकली, तर विमान वळायचेच नाही. आणि काचेच्या छताला काही चिकटवलेच, तर वायरीचा जोड ओढताच सुटणारा हवा. जीव वाचवायला वैमानिक ते छत उडवून देतो, तेव्हा वायरीने त्याला अडवू नये.