गोदीच्या हजेरीपटावरचे कोकण

आमच्या घरात एखादी गोष्ट कधी घडली हे सांगायचे झाले, की मोठी माणसे गोदीचा हवाला देत. थोरल्या काकांचे लग्न अमेरिकन गव्हाच्या बोटी येत होत्या तेव्हाचे. आत्या स्फोटाच्या वर्षी पाळण्यात. आणि गावच्या घरावरचा पेंढा जाऊन मंगळुरी कौले आली, ती आजोबांचे नाव 'बोर्डात' लागल्यावर. हा बोर्ड म्हणजे काय, हे मला फार उशिरा कळले. पण आमच्या तीन पिढ्यांत त्याच्याइतकी मोठी घटना दुसरी घडलेली नाही, एवढे आजीच्या आवाजावरून लहानपणीच समजले होते.

आजोबा संगमेश्वर तालुक्यातले. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मुंबईला आले आणि डोंगरीला गावमंडळाच्या खोलीत उतरले. खोली एक, माणसे वीस-बावीस, प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि दोरीवर एक वळकटी. निम्मी रात्रपाळीला गेली की निम्म्यांना पाठ टेकायला जागा. त्यांच्याही आधी त्यांचे चुलते गोदीत होते, आणि आमच्या घरातल्या गोष्टी खरे तर तिथून सुरू होतात.

हे चुलते अलेक्झांड्रा डॉकच्या खोदकामावर होते. आज आपण तिला इंदिरा गोदी म्हणतो. १९१४ मध्ये ती सुरू झाली. तिच्या खोदाईतून निघालेली माती-मुरूम भरून शेजारी बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. चुलते म्हणत, "त्या साहेबी इमारतींच्या खालची माती आम्ही डोक्यावरून वाहिली." त्यांनी त्याहून जुनी एक गोष्टही आणली होती, आधीच्या पिढीतल्या खोदणाऱ्यांकडून ऐकलेली. समुद्र हटवून खाली खणत गेले तेव्हा तळाशी झाडांचे रान लागले, खोडे उभीच्या उभी, खैराची. आम्ही मुले हसायचो. पुढे मुंबईच्या गॅझेटियरमध्ये मला तीच हकिगत सापडली: प्रिन्सेस डॉक खणताना, १८७०च्या दशकात, गाडल्या गेलेल्या जंगलाची शेकडो खोडे निघाली होती. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी ही नोंद तोंडोतोंडी, जवळजवळ बिनचूक, आमच्यापर्यंत पोचवली होती.

गोदीच्या आधी मुंबईच्या किनाऱ्यावर कोणाची सत्ता होती, हे मात्र घरातल्या गोष्टींत नव्हते. ते पुस्तकांतून समजून घ्यावे लागले, आणि सगळ्या विषयाची किल्ली तिथेच आहे असे मला वाटते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा वाहिला, कंपन्या निघाल्या, समुद्र भरून जमिनी काढल्या गेल्या, आणि युद्ध संपताच सगळे कोसळले. पूर्व किनाऱ्यावरची धक्क्यांची मोठी मालकी तेव्हा एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी या खासगी कंपनीकडे होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, मुंबई युरोपच्या जवळ आली, आणि अशा बंदराच्या नाड्या एका कंपनीच्या हातात राहणे व्यापाऱ्यांनाही परवडेना. सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ मध्ये ससून कुटुंबाने बांधलेली ससून गोदीही लवकरच त्याच्याकडे आली. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया. किनारा सार्वजनिक झाला. वसाहतीचे सरकार होते, त्याचा हेतू लोककल्याणाचा नव्हता. तरीही धक्क्याचे भाडे आणि मालावरचे शुल्क खासगी तिजोरीत न जाता बंदराच्या वाढीवर खर्च होऊ लागले, हा फरक मी लहान मानत नाही.

त्या वाढीचा पसारा शहराच्या पलीकडे गेला. पोर्ट ट्रस्टने १९१५ मध्ये स्वतःची रेल्वे सुरू केली, बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत. खामगाव-अमरावतीकडचा, खानदेशचा कापूस शिवडीच्या वखारींत थेट गाडीने येऊ लागला. त्या वखारींचेच नाव कॉटन ग्रीन स्टेशनला मिळाले. दाणाबंदर, लकडी बंदर, कोळसा बंदर ही मुंबईकरांच्या तोंडची नावे म्हणजे कोणता माल कुठे उतरायचा याचा नकाशाच. वऱ्हाडातल्या कापूसवाल्याला त्याच्या गाठीचा भाव लिव्हरपूलशी जोडलेला आहे हे कळत होते, ते या धक्क्यांमुळे. हार्बर लाइन, तिच्या कडेच्या वखारी, तेलाच्या टाक्या, गिरण्यांचा कोळसा, पुढे तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने, हे सगळे बंदराच्या अंगाखांद्यावर वाढले.

पण आजोबांचे बंदर वेगळे होते. त्यांचे बंदर म्हणजे पहाटेचा दरवाजा. स्वातंत्र्याआधी गोदीतले काम रोजंदारीचे होते. बोट लागली तर काम, नाहीतर उपास. दरवाजाशी माणसांचा लोंढा उभा राही आणि मुकादम बोट दाखवून निवडी: तू ये, तू ये, तू जा. मुकादमाला चहापाणी दिले नाही, गावाकडची कोंबडी पोचवली नाही, की त्याचे बोट पुढे सरके. आजोबा हे सांगताना कधी चिडत नसत. फक्त उजव्या हाताची तर्जनी हवेत धरत आणि थांबत. तेवढ्यानेच आम्हाला पुरेसे कळे.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज लागले होते. त्याच्या पोटात दारूगोळा, कराचीहून भरलेला कापूस आणि सोन्याच्या विटा. कापसाला आग लागली आणि चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. आजोबांची त्या दिवशी रात्रपाळी होती, म्हणून ते वाचले. दुपारी डोंगरीच्या खोलीत झोपले होते. खोलीतले चार जण दिवसपाळीवर होते. दोन परत आले. आजीची गोष्ट सोन्याच्या विटेची: एका पारशी गृहस्थाच्या घरात वीट येऊन पडली आणि त्याने ती परत केली. ही गोष्ट खरी आहे, नोंदलेली आहे. पण आजोबा ती ऐकली की म्हणत, "विटेची नोंद झाली. आमच्या दोघांची कोणत्या वहीत झाली?" ते दोघे रोजंदारीवर होते, मुकादमाच्या बोटावर. कोणत्याही हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते. ढिगारे उपसून गोद्या पुन्हा चालू करायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत आजोबा गावी नांगर धरून बसले.

बोर्ड आला तो या सगळ्यानंतर. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८चा. त्याखाली मुंबईची योजना १९५१ मध्ये झाली आणि डॉक लेबर बोर्ड उभा राहिला. बोर्डावर सरकार, मालक आणि कामगार, तिघांचेही प्रतिनिधी. कामगाराचे नाव रजिस्टरमध्ये, काम पाळीपाळीने, बोट नसली तरी हजेरीचा भत्ता, आणि महिन्याच्या ठरावीक दिवसांच्या वेतनाची हमी. हे आपोआप आले नाही. पी. डिमेलोंसारख्या पुढाऱ्यांनी संघटना बांधली, संप केले, तुरुंग पाहिला. जुन्या फ्रियर रोडला आज त्यांचे नाव आहे, आणि मुंबईतल्या थोड्याच रस्त्यांची नावे इतकी यथायोग्य असतील.

मुकादमाचे बोट गेले. त्याच्या जागी एक रजिस्टर आले. आमच्या गावावर याचा काय परिणाम झाला, तो मी आजीकडून ऐकला. पूर्वी मनीऑर्डर यायची तेव्हा यायची. पोस्टमन वाडीच्या वळणावर दिसला की बायका अंगणात येऊन उभ्या राहत आणि तो पुढे गेला की आत जात. बोर्डानंतर तो दर महिन्याला थांबू लागला. ठरलेली रक्कम येणार हे कळल्यावर माणूस उधारीचा हिशेब करू शकतो, आणि वाणी त्याला उधार देतो. पहिल्या वर्षी सावकाराकडची जमीन सुटली. मग कौले. मग थोरल्या काकांना देवरुखच्या शाळेत ठेवले. आमच्या वाडीतल्या पाच घरांत गोदीची माणसे होती. त्या पाचही घरांतून पुढच्या पिढीत शिक्षक, तलाठी, नर्स निघाल्या. कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणतात, त्यात काहींना हिणवण्याचा सूर वाटतो. मला वाटत नाही. ती मनीऑर्डर नियमित झाली यातच या प्रदेशाचे अर्थशास्त्र बदलले.

आणि ती मनीऑर्डर कशातून येत होती, तेही सांगायला हवे. गव्हाच्या बोटींचे काम आजोबा नेहमी सांगत. अमेरिकेशी पी. एल. ४८० करार १९५६ मध्ये झाला, आणि गहू सुटा, जहाजाच्या होल्डमध्ये ओतलेला, यायला लागला. टोळी शिडीने खाली उतरायची. गुडघाभर गव्हात उभे राहून फावड्याने गोणी भरायच्या, तोंड शिवायचे, स्लिंग बांधायची, वर हॅचच्या तोंडाशी उभ्या सिग्नलवाल्याने हात केला की विंचवाला उचलायचा. खाली वारा नाही. धूळ इतकी की शेजारच्याचा चेहरा पाळी संपेपर्यंत दिसत नसे. नाकाला फडका बांधलेला, तोही तासाभरात पिवळा. गहू त्यातल्या त्यात बरा. सोडा ॲशच्या गोणी फुटल्या तर मान, काखा सोलून निघत. १९७२च्या दुष्काळात मिलो, ती लाल ज्वारी, याच माणसांनी उतरवली, आणि रेशनच्या दुकानात महाराष्ट्राने ती रांगा लावून घेतली. राज्य जगले त्यात या फावड्यांचा वाटा होता. आजोबांचा खोकला मात्र निवृत्तीनंतरही गेला नाही. वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्टच्या रुग्णालयात ते अखेरपर्यंत जात, आणि तिथे उपचार मिळतात हे ते अभिमानाने सांगत.

गोदीत जे झाले ते गोदीपुरते राहिले नाही. रजिस्टर, त्रिपक्षीय मंडळ, काम वाटून देणे, मजुरी मंडळातर्फे, हीच रचना घेऊन अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला. मशीद बंदर, दाणाबंदरच्या सातारा-सांगलीकडच्या हमालांना त्याचे छत्र मिळाले. कोकणाची वाट समुद्राची, घाटावरच्यांची एस.टी.ची, पण पैसा एकाच शिस्तीने दोन्हीकडे गेला. एका बंदराने प्रदेश वाढवला तो असा, हे माझे ठाम मत आहे. टनांचे आकडे मोठे असतात आणि ते छापायला सोपे. पण कोणत्या तालुक्यात कोणत्या वर्षी किती घरांवर कौले चढली, हा हिशेब कोणी मांडलेला नाही.

मग कंटेनर आला. ज्या बोटीला टोळ्यांना आठ-दहा दिवस लागत, ती क्रेनने काही तासांत रिकामी होऊ लागली. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि ते बघता बघता देशातल्या कंटेनर वाहतुकीत अग्रेसर झाले. त्यासाठी उरणच्या माणसांनी जमिनी आणि मासेमारीचे पाणी दिले. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. न्हावा शेव्याच्या प्रकल्पग्रस्तांना मात्र त्या भूखंडांसाठी पुढे कित्येक वर्षे खेटे घालावे लागले. इकडे मुंबईत डॉक लेबर बोर्ड १९९४ मध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाला, प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या पुढे बुजवल्या गेल्या. थोरले काका गोदीत टॅली क्लार्क होते. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांच्या मुलाला गोदीत नोकरी मिळाली नाही, आणि त्याने ती मागितलीही नाही.

यंत्रे यायलाच हवी होती. गव्हाच्या होल्डमध्ये कोणी पुन्हा उतरावे अशी माझी इच्छा नाही. प्रश्न इतकाच राहतो की यंत्राने वाचवलेला वेळ आणि पैसा कोणाच्या वाट्याला गेला.

२०२१च्या कायद्यानंतर मुंबईचा पोर्ट ट्रस्ट मुंबई बंदर प्राधिकरण झाला आहे. त्याच्याकडे पूर्व किनाऱ्यावर सुमारे १,८०० एकर जमीन आहे, आणि तिच्या विकासाच्या योजना चर्चेत आहेत. उत्तरेला डहाणूजवळ वाढवण येथे होणाऱ्या नव्या बंदराची ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. सुमारे ७६,००० कोटी रुपयांचा हा प्रकल्प आहे. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. तिथल्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि त्यांचे भय खरे आहे: ज्या पाण्यात मासळी वाढते, तेच पाणी जाणार आहे. बंदरामुळे लाखो रोजगार येतील असे सांगितले जाते. येवोत. पण आमच्या घराचा अनुभव सांगतो की रोजगार येणे आणि नाव लागणे यात मुकादमाच्या एका बोटाचे अंतर असते, आणि ते अंतर कायदा, संघटना व रजिस्टर यांनीच मिटते.

म्हणून जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाकडे आणि सागरी मंडळाकडे माझी एक मागणी आहे. वाढवणच्या पाण्यात भराव पडण्याआधी किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाचा हजेरीपट तयार करा. कोण मासेमारी करतो, कोणाची होडी आहे, कोणती बाई मासळी सुकवते, कोण दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहे, सगळ्यांची नावे लिहा. सातबारावर ज्यांचे नाव नाही त्यांची आधी लिहा. प्रशिक्षण, नोकरी आणि भरपाई त्या यादीवरून द्या, आणि यादी गावच्या चावडीवर लावा.