ठगांची भाषा आणि ठगांचा पंथ

अघोरी पंथ आणि त्याचा माग काढणारा शोधक ही जोडी मराठी वाचकाच्या पूर्ण परिचयाची आहे. नारायण धारपांचे ‘समर्थ’ असोत वा इंद्रजाल चित्रकथांतील वेताळ, या कथांचा साचा फार जुना आहे. त्याचे एक उगमस्थान मात्र कल्पनेत नसून कंपनी सरकारच्या दप्तरात आहे. आणि त्या दप्तराच्या केंद्रस्थानी आहे एक शब्दकोश.

विल्यम स्लीमनचा ‘रामसीयाना’ १८३६ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. ठगांच्या ‘रामसी’ नामक गुप्त बोलीचे शब्द व माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या त्यात संगृहीत आहेत. भवानीच्या आज्ञेने नरबळी देणारा देशव्यापी पंथ, ही ठगांची प्रतिमा प्रामुख्याने या ग्रंथाने रूढ केली. पुढे नळदुर्ग भागाचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरने १८३९ साली याच विषयावर कादंबरी लिहिली, आणि ती प्रतिमा इंग्रजी वाचकांच्या घराघरांत पोहोचली.

परंतु कोश उघडून पाहिला असता काय आढळते? सावजाला भुलविणारा तो ‘सोथा’, गळा आवळणारा तो ‘भुरटोट’, खड्डा खणणारा तो ‘लुघा’. ही श्रमविभागणी झाली. हा उपासनामार्ग नव्हे. स्वतः सावजाला शब्द आहे ‘बनिज’, म्हणजे व्यापाराचा माल! शकुनांचे शब्द विपुल आहेत हे मान्य केले पाहिजे; परंतु शकुन पाहून घराबाहेर पडणारा शेतकरी वा व्यापारी कोणत्या पंथाचा? गुप्त बोली ही धंद्याची गरज असते. लासलगावच्या बाजारात कांद्याची बोली आज उघडपणे होते. पण गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची करपल्लवी आपल्या पिढीनेही पाहिली आहे. तीवरून दलालांचा धर्म कोणी शोधला नाही.

जबान्यांतील एक विधान तर आपल्या परिसरातच तपासता येते. फिरंगिया या साक्षीदाराने सांगितले, की ठगीची प्रत्येक क्रिया, गळा आवळण्यापासून प्रेत पुरण्यापर्यंत, वेरूळच्या लेण्यांत कोरलेली आहे. वेरूळास बौद्ध, हिंदू व जैन शिल्पे आहेत. ठगांचा धंदा तेथे कोठेही नाही. आपले प्राण विचारणाऱ्याच्या समाधानावर अवलंबून आहेत हे जाणणाऱ्या माणसाचे हे बोलणे आहे. प्रश्न स्लीमनचे, भाषांतरही त्याच्याच कचेरीतले.

याचा अर्थ खून झाले नाहीत असा नव्हे. वाटसरूंची प्रेते विहिरींतून व खड्ड्यांतून प्रत्यक्ष निघाली. किम वाग्नर यांनी २००७ च्या ग्रंथात ठगीस निव्वळ इंग्रजी कल्पित मानण्याचे नाकारले आहे, व ते योग्यच वाटते. वादाचा मुद्दा गुन्हा नसून ‘पंथ’ हा आहे. कारण कायदा त्या शब्दावर उभा राहिला. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढेच सिद्ध झाल्यास जन्मठेप ठरविली, मग ते कायद्यापूर्वीचे असो वा कंपनीच्या मुलखाबाहेरचे. विशिष्ट खुनाचा पुरावा आवश्यक राहिला नाही. अनुवंशाने गुन्हेगार असणाऱ्या समूहाची हीच कल्पना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पुन्हा दिसते. महाराष्ट्रातील पारधी व कैकाडी यांच्यावर त्याचा शिक्का बसला. कायदा रद्द झाला १९५२ साली.